अमेरिकेचा कारखानदारी काळ आणि सुधारणांची धडपड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जागतिक इतिहास शिकवायला लागल्यापासून अमेरिकेच्या या कालखंडावर दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही पुस्तकी असतात, काही भलतेच चांगले. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं अगदी तटस्थ नाहीत हे आधीच सांगतो. माझी एक खोड आहे: कुठलाही कायदा समोर आला की तो पाळला जातोय का हे बघायला कोणाला पाठवलं होतं, हे मी आधी शोधतो. ती खोड पुढे ठिकठिकाणी दिसेल.

हा काळ नेमका कधीपासून कधीपर्यंत?

ढोबळमानाने १८६५ ते १९२०. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली, १८६९ मध्ये दोन्ही किनारे रेल्वेने जोडले गेले आणि पुढच्या पन्नास वर्षांत शेतकऱ्यांचा देश पोलाद, तेल आणि मांसाच्या कारखान्यांचा देश झाला. परीक्षेत याचे दोन तुकडे करतात. १९०० च्या आधीचा तो 'गिल्डेड एज' आणि नंतरचं ते 'प्रोग्रेसिव्ह' म्हणजे सुधारणावादी युग. पेपरपुरते हे तुकडे ठीक आहेत, पण पुढे ज्या माणसांची नावं येतील त्यातली बरीचशी दोन्हीकडे होती.

'गिल्डेड एज' म्हणजे सुवर्णयुग ना?

नाही. दरवर्षी निदान चार जण हे लिहितात. 'गिल्डेड' म्हणजे मुलामा दिलेलं. वरून सोनं, आत पितळ. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

एवढी संपत्ती निर्माण होत होती, मग सुधारणांची गरज का पडली?

कारण संपत्ती ज्यांच्या हातून निर्माण होत होती त्यांच्यापर्यंत ती पोचत नव्हती, आणि काम करताना हात तुटला तर तोही त्यांचाच दोष ठरत होता.

हे शेवटचं वाक्य अतिशयोक्तीचं नाही. त्या वेळचं न्यायालयीन तत्त्व तसं होतं. कामगाराने अपघाताबद्दल दावा लावला की मालकाच्या वकिलाकडे तीन हुकमी पत्ते असत. एक, चूक शेजारच्या कामगाराची होती, मालकाची नव्हे. दोन, थोडा निष्काळजीपणा जखमी माणसाचाही होता. तीन, काम धोक्याचं आहे हे माहीत असूनच तो कामावर आला होता. यातला एक पत्ता जरी चालला तरी घरच्यांच्या हाती काही लागत नसे.

पोलादाच्या भट्ट्यांवर बारा तासांची पाळी असे. दिवसपाळीचे लोक रात्रपाळीला बदलताना अनेक ठिकाणी सलग चोवीस तास उभं राहावं लागे. १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वर्षांची साडेसतरा लाख मुलं कामावर असल्याची नोंद आहे. दहाच्या आतली मुलं त्यात मोजलेलीच नाहीत. न्यूयॉर्कच्या टेनेमेंट इमारती या आपल्या गिरणगावातल्या चाळींच्या चुलत बहिणी म्हणायला हरकत नाही. मात्र तिथे कित्येक खोल्यांना खिडकीच नव्हती आणि त्याच खोलीत रात्रंदिवस कपडे शिवण्याचं काम चाले. जेकब रीस या वार्ताहराने १८८० च्या दशकाच्या अखेरीस मॅग्नेशियमच्या उजेडात त्या खोल्यांचे फोटो काढले, तेव्हा शहरातल्या सुखवस्तू लोकांना आपल्या घरापासून दोन मैलांवर काय आहे ते पहिल्यांदा दिसलं.

पण तिथे लोकशाही होती. मतदान होतं. मग राजकारण इतकं कुजलं कसं?

मतदान कसं होत असे ते आधी पाहा. सरकार मतपत्रिका छापतच नसे. पक्ष आपापल्या छापायचे, बरेचदा वेगळ्या रंगाच्या कागदावर. मतदार आपल्या पक्षाचा कागद हातात घेऊन सगळ्यांदेखत पेटीपर्यंत चालत जायचा. मुकादम दारात उभा असेल तर तुम्ही कोणता रंग धराल? सरकारने छापलेली एकच मतपत्रिका आणि आडोशात शिक्का मारण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातून आली. राज्यभर ती लागू करणारं पहिलं राज्य मॅसॅच्युसेट्स, साल १८८८.

दुसरी गोष्ट नोकऱ्यांची. निवडणूक जिंकली की पोस्टमनपासून कस्टमच्या कारकुनापर्यंत सगळ्या जागा आपल्या माणसांना वाटायच्या, आणि त्यांनी पगारातला हिस्सा पक्षाला द्यायचा. २ जुलै १८८१ ला चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर गोळ्या घातल्या. आपल्यामुळे गारफील्ड निवडून आले, आता आपल्याला परदेशातली सरकारी नेमणूक मिळालीच पाहिजे, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. गारफील्ड सप्टेंबरात गेले. जानेवारी १८८३ मध्ये पेंडलटन कायदा झाला आणि परीक्षा घेऊन नोकऱ्या देण्याची सुरुवात झाली. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के जागा त्याखाली आल्या. आज तुम्ही ज्या प्रकारच्या परीक्षेसाठी रात्री जागता, तिच्या अमेरिकन आवृत्तीमागे एका राष्ट्राध्यक्षाचा जीव गेला आहे, हे लक्षात ठेवा.

शहरांतले 'बॉस' नुसते चोर होते का?

'बॉस' म्हणजे शहरातली पक्षयंत्रणा मुठीत ठेवणारा पुढारी. चोर होतेच. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलचा, म्हणजे तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचा, विल्यम ट्वीड एका न्यायालयाच्या इमारतीच्या बांधकामातून लाखो डॉलर फिरवत राहिला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा कारभार. थॉमस नॅस्टच्या व्यंगचित्रांनी त्याला घाम फोडला, आणि १८७८ मध्ये तो तुरुंगातच मेला.

पण एवढ्यावर थांबलात तर बॉस निवडून का येत ते कळणार नाही. आयर्लंडहून कालच उतरलेल्या माणसाला काम कोण देणार? हिवाळ्यात कोळशाची गोणी कोण पाठवणार? मयताचा खर्च कोण उचलणार? सरकारकडे यातलं काहीच नव्हतं, वॉर्डातल्या पुढाऱ्याकडे होतं. त्याच्या बदल्यात तो फक्त मत मागायचा. आपल्याकडच्या नगरसेवकांची आठवण होत असेल तर होऊ द्या. शिकागोत जेन ॲडम्स या समाजसेविकेने आपल्या १९व्या वॉर्डातल्या जॉनी पॉवर्स या पुढाऱ्याविरुद्ध १८९६ आणि १८९८ अशा दोन निवडणुकांत माणसं उभी केली. दोन्ही वेळा पॉवर्स जिंकला. ॲडम्सने त्यातून काढलेला धडा मला फार प्रामाणिक वाटतो: लोक त्याला मत देतात ते तो भ्रष्ट आहे म्हणून नव्हे, तो शेजारधर्म पाळतो म्हणून. सुधारकांनी आधी तेवढं करावं.

१ मे हा कामगार दिन अमेरिकेतून आला म्हणतात. मग अमेरिकेतच तो का पाळत नाहीत?

महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो.

१ मे १८८६ ला 'आठ तास काम' या मागणीसाठी अमेरिकेत तीन लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. केंद्र शिकागो. ३ मे ला मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला, कामगार मेले. निषेधासाठी ४ मे ला रात्री हेमार्केट चौकात सभा झाली. शहराचा महापौर स्वतः येऊन गेला, सभा शांत आहे म्हणाला आणि घरी परतला. पाऊस सुरू झाला, गर्दी पांगू लागली. तेवढ्यात पोलिसांची तुकडी आली आणि कोणीतरी तिच्यावर बॉम्ब फेकला. सात पोलीस दगावले. पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्या सामान्य लोकांची मोजदाद कोणी नीट ठेवली नाही.

बॉम्ब कोणी फेकला ते आजवर सिद्ध झालेलं नाही. तरीही आठ अराजकवाद्यांवर खटला चालला, तो मुख्यतः त्यांच्या भाषणांवरून आणि लेखांवरून. सात जणांना फाशी सुनावली. दोघांची फाशी जन्मठेपेवर आली, एकाने कोठडीत जीव दिला, आणि ऑगस्ट स्पाइस, आल्बर्ट पार्सन्स, अडॉल्फ फिशर व जॉर्ज एंगल या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फासावर चढवलं. उरलेल्या तिघांना इलिनॉयचे गव्हर्नर जॉन अल्टगेल्ड यांनी १८९३ मध्ये माफी दिली. खटलाच अन्यायाचा होता, असं त्यांनी लेखी सांगितलं. पुढची निवडणूक ते हरले.

१८८९ मध्ये पॅरिसला जमलेल्या समाजवादी पक्षांनी पुढच्या वर्षीपासून १ मे ला जगभर निदर्शनं करायची ठरवली. अमेरिकन सरकारला नेमकी हीच आठवण नको होती. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगारांचा उत्सव करण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये आधीपासून होती. १८९४ मध्ये तीच राष्ट्रीय सुट्टी म्हणून मंजूर झाली. कायद्यावर सही झाली तेव्हा पुलमनचा संप पेटलेला होता, आणि काही दिवसांतच तो मोडायला त्याच सरकारने सैन्य पाठवलं.

संप इतके मोडले का जात?

मालकांकडे खासगी पहारेकरी होते, राज्यांकडे मिलिशिया म्हणजे नागरिकांची राखीव फौज होती, केंद्राकडे सैन्य होतं, आणि न्यायाधीशांकडे मनाई हुकूम होता.

१८९२ मध्ये पिट्सबर्गजवळ होमस्टेडला कार्नेगीच्या पोलाद कारखान्याचा व्यवस्थापक हेन्री फ्रिक याने टाळेबंदी केली आणि खासगी पहारेकरी पुरवणाऱ्या पिंकर्टन कंपनीची तीनशे माणसं रात्री नदीतून बोटींवर आणली. कामगारांनी काठावरूनच लढाई दिली, दोन्हीकडची माणसं मेली. पिंकर्टनवाले शरण आले, पण मागून हजारोंची मिलिशिया आली आणि युनियन संपली. ग्रंथालयांना दान देणारे कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होते.

१८९४ मध्ये शिकागोजवळच्या पुलमन गावात कंपनीने मजुरी कापली. घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. घरं कंपनीचीच होती, म्हणजे एका हाताने कापायचं आणि दुसऱ्या हाताने वसूल करायचं. यूजीन डेब्ज यांच्या रेल्वे युनियनने पुलमनचे डबे असलेल्या गाड्या हलवायला नकार दिला. न्यायालयाने टपालात अडथळा येतो म्हणून मनाई हुकूम काढला आणि डेब्ज तुरुंगात गेले. त्या हुकमाला मक्तेदारी कंपन्यांविरुद्ध १८९० मध्ये केलेल्या शर्मन कायद्याचाही टेकू घेतला गेला होता. कंपन्यांसाठी घडवलेली काठी पहिल्यांदा जोरात पडली ती कामगारांच्या पाठीत.

शेतकरी या सगळ्यात कुठे होते?

सगळ्यात आधी रस्त्यावर तेच होते. गव्हाचे भाव पडत होते, कर्ज डोक्यावर होतं, आणि माल बाजारात न्यायचा तर एकच रेल्वे, ती मागेल ते भाडं. ग्रेंज नावाच्या संघटनेने राज्यांकडून धान्य कोठारांचे आणि वाहतुकीचे दर बांधून घेतले. १८८७ मध्ये केंद्राने रेल्वेवर देखरेखीसाठी आयोगही नेमला. (इथे माझी खोड.) आयोग होता, दर ठरवायचा अधिकार नव्हता. न्यायालयाने १८९७ मध्ये तसं स्पष्टच केलं. खरे दात त्याला १९०६ मध्ये बसले.

शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाने १८९२ मध्ये ओमाहा इथे जो जाहीरनामा काढला त्यात चढता आयकर, सिनेटरांची थेट निवडणूक, गुप्त मतदान हे सगळं होतं. त्या वेळी लोक त्यांना खेडवळ, माथेफिरू म्हणाले. पक्ष १८९६ नंतर विरून गेला. वीस-पंचवीस वर्षांत यातल्या बऱ्याच मागण्या कायदा झाल्या आणि श्रेय शहरातल्या सुशिक्षितांना मिळालं. शेतकऱ्यांच्या नशिबी हे बहुधा सगळीकडेच असतं.

हल हाऊस म्हणजे आश्रम होता की वसतिगृह?

दोन्ही नाही. १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर, इटालियन, ग्रीक, ज्यू स्थलांतरितांच्या दाटीवाटीत एक जुनं घर घेतलं आणि तिथेच राहायला गेल्या. पाळणाघर, शिकवणी, वाचनालय, सार्वजनिक न्हाणीघर असं एकेक वाढत गेलं. पण त्या घराचं खरं काम मोजणीचं होतं. कोणत्या गल्लीत किती घरं, किती मजुरी, किती माणसं एका खोलीत, हे त्यांनी दारोदार जाऊन नकाशांवर रंगवलं.

१८९५ मध्ये कचऱ्याच्या ठेक्यावरून ॲडम्सने इतकी कटकट केली की महापौरांनी तिलाच वॉर्डाची कचरा तपासनीस नेमलं. पहाटे सहाला ती कचऱ्याच्या गाड्यांमागे चालायची, त्या खरंच डेपोपर्यंत जातात का ते बघायला. एका गल्लीत दीड फूट कचरा उपसल्यावर खाली फरसबंदी रस्ता निघाला. तिथे रस्ता आहे हे राहणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. पुढे १९३१ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं, पण मला कचऱ्यामागे चालणारी ॲडम्स जास्त मोठी वाटते.

याच घरात फ्लॉरेन्स केली राहायला आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून तीन मुलांना घेऊन आलेली. तिने घामगाळू शिवणकामाच्या खोल्यांची पाहणी केली आणि त्यातून १८९३ चा इलिनॉयचा कारखाना कायदा आला: चौदाच्या आतल्या मुलांना कारखान्यात बंदी, स्त्रियांना आठच तास, आणि मुख्य म्हणजे बारा जणांचं तपासणी खातं, ज्यात पाच स्त्रिया असल्याच पाहिजेत. मुख्य तपासनीस म्हणून गव्हर्नर अल्टगेल्ड यांनी केलीलाच नेमलं. सरकारी वकील खटले चालवायला टाळाटाळ करतो म्हणून तिने रात्रीच्या वर्गाला जाऊन कायद्याची पदवीच घेतली. दोन वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं, अल्टगेल्ड हरल्यावर तिची नोकरी गेली, आणि ती न्यूयॉर्कला जाऊन ग्राहक संघटनेतून तेच काम पुन्हा पहिल्यापासून करायला लागली.

ट्रँगल आगीबद्दल इतकं का बोललं जातं? आगी तर नेहमीच लागत.

२५ मार्च १९११, शनिवार, सुट्टी व्हायची वेळ. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन चौकाजवळच्या दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले ट्रँगल कंपनीचे, तिथे बायकांचे ब्लाऊज शिवत. आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटीत आग लागली. दहाव्या मजल्यावरच्या मालकांना फोन गेला, ते गच्चीवरून निसटले. नवव्या मजल्याला कोणी कळवलं नाही. तिथला एक दरवाजा कुलूपबंद होता, कारण मुली कपडे चोरून नेतील अशी मालकांना शंका. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. १४६ जण मेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, कित्येक विशीच्या आतल्या. रस्त्यावरच्या लोकांनी त्यांना खिडकीतून उड्या टाकताना पाहिलं.

दीड वर्षापूर्वी याच धंद्यातल्या वीस हजार मुलींनी संप केला होता. क्लारा लेमलिच या तरुण कामगार मुलीने सभेत पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं तोडून यिडिश या ज्यू स्थलांतरितांच्या भाषेत संपाचा ठराव मांडला होता. पुष्कळ कारखाने नमले. ट्रँगल नमली नाही.

आणखी एक योगायोग. आगीच्या बरोबर आदल्या दिवशी, २४ मार्चला, न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने कामगारांना अपघात भरपाई देणारा नवा कायदा घटनाबाह्य ठरवला होता.

दोन्ही मालक डिसेंबरात निर्दोष सुटले. कुलूप त्यांना माहीत होतं हे निःसंशय सिद्ध झालं नाही. १९१४ मध्ये दिवाणी दाव्यात मृतामागे ७५ डॉलर ठरले.

मग बदललं काय? राज्याने चौकशी आयोग नेमला. त्याचे प्रमुख रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ, दोघेही त्याच बदनाम टॅमनी हॉलचे. त्यांना कारखान्यांतून फिरवायचं काम फ्रान्सिस पर्किन्स या बाईने केलं. आग लागली तेव्हा ती शेजारीच चहाला गेली होती, धावत आली, आणि तिने उड्या डोळ्यांनी पाहिल्या. पुढच्या काही वर्षांत राज्यात तीसहून अधिक कायदे झाले: बाहेर उघडणारी दारं, सरावाच्या कवायती, पाण्याचे फवारे, कामाचे तास, आणि तपासनिसांची वाढीव संख्या. वरातीमागून घोडं खरं, पण घोडं आलं.

एका कादंबरीमुळे खाद्यकायदा झाला हे खरं आहे का?

निम्मं खरं. अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या मजुरांच्या हालांवर 'द जंगल' लिहिली. वाचकांनी मजूर सोडून दिले आणि आपल्या ताटातलं सॉसेज धरलं. लोकांच्या हृदयावर नेम धरला होता, चुकून पोटाला लागला, असं तो स्वतःच म्हणाला. ३० जून १९०६ ला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे एकाच दिवशी झाले. पण सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वी वायली कित्येक वर्षं त्यासाठी झटत होता. १९०२ पासून त्याने तरुण स्वयंसेवकांना बोरॅक्ससारखे परिरक्षक घातलेलं जेवण रोज खायला घालून त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या होत्या. मजुरांचे तास तसेच राहिले.

न्यायालयं सुधारणांच्या आड का येत होती?

कारण न्यायाधीशांच्या लेखी मजूर आणि मालक हे करार करणारे दोन समान पक्ष होते. १९०५ च्या लॉकनर खटल्यात बेकरी कामगारांना आठवड्याला ६० तासांची मर्यादा घालणारा न्यूयॉर्कचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने पाडला. का? तर जास्त तास राबण्याचं कामगाराचं 'स्वातंत्र्य' त्याने हिरावलं जातं म्हणून.

तीन वर्षांनी ओरेगॉनमधल्या धोबीखान्याचा खटला आला. स्त्रियांना दिवसाला दहाच तास, असा कायदा होता. वकील लुई ब्रँडाइस यांनी शंभराहून अधिक पानांचं निवेदन दिलं, त्यात कायद्याची पानं दोनच. बाकी सगळे कारखाना तपासनिसांचे आणि डॉक्टरांचे अहवाल, जोसेफिन गोल्डमार्क आणि फ्लॉरेन्स केली यांनी जमवलेले. न्यायालय मानलं. अर्थात, स्त्री नाजूक आणि आई होणार म्हणून मानलं. ही मेख पुढे स्त्रियांनाच बोचली.

बालमजुरीची कहाणी आणखी वाईट. लुईस हाइन हा छायाचित्रकार कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला बनून गिरण्यांत शिरायचा. मुलांची उंची कोटाच्या बटणांवरून मोजून ठेवायचा आणि खिशातल्या खिशात टिपणं काढायचा. त्या फोटोंच्या जोरावर १९१६ मध्ये केंद्राचा कायदा झाला. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाडला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कराच्या वाटेने दुसरा केला, तो १९२२ मध्ये पाडला.

स्टँडर्ड ऑइल फोडल्यावर रॉकफेलर बुडाला का?

उलट. स्टँडर्ड ऑइल ही रॉकफेलरची तेलातली मक्तेदार कंपनी. १९११ मध्ये न्यायालयाच्या हुकमाने तिचे ३४ तुकडे झाले, तुकड्यांचे भाव वधारले आणि तो आणखी श्रीमंत झाला. तिचा कच्चा चिठ्ठा मासिकातून मांडणाऱ्या आयडा टार्बेलचे वडील पेनसिल्व्हेनियाच्या त्याच तेलपट्ट्यात धंदा करत होते, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं.

आयकर, दारूबंदी आणि महिलांचं मत हे एकाच गठ्ठ्यात का शिकवतात?

घटनादुरुस्त्यांचे आकडे लागोपाठ आहेत म्हणून: १६, १७, १८, १९ (मधली १७वी सिनेटरांच्या थेट निवडणुकीची). पण आतला धागाही आहे. केंद्राच्या तिजोरीत दारूवरच्या कराचा फार मोठा वाटा होता. आयकर आल्याशिवाय दारू बंद करणं परवडलंच नसतं. १९१३ मध्ये १६वी दुरुस्ती झाली. पहिला दर १ टक्का, तोही ३००० डॉलरच्या वर, म्हणजे बहुसंख्य लोकांना लागूच नव्हता. दारूबंदीसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस विलर्ड यांच्या संघटनेत लाखभराहून अधिक स्त्रिया होत्या. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जातो हे थांबवायचं तर मत हवं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. म्हणूनच दारू गाळणारे मताधिकाराच्या विरोधात पैसा ओतत.

स्त्रियांना मत देणारा पहिला प्रदेश वायोमिंग, १८६९. देशभर मिळायला १९२० उजाडलं. दुरुस्तीला मंजुरी द्यायला लागणारं शेवटचं राज्य टेनेसी. तिथला २४ वर्षांचा आमदार हॅरी बर्न विरोधकांचं लाल गुलाब कोटाला लावून बसला होता. खिशात आईचं पत्र होतं: मताधिकाराच्या बाजूने मत दे. त्याने दिलं आणि ठराव मंजूर झाला.

कृष्णवर्णीयांना या सुधारणांचा फायदा झाला का?

हा प्रश्न कोणी विचारला नाही तर मी स्वतः विचारतो.

नाही, आणि काही सुधारणा तर त्यांच्याविरुद्ध वापरल्या गेल्या. गुप्त मतपत्रिका आठवते? उत्तरेत तिने मुकादमाची दहशत कमी केली. दक्षिणेत वाचता न येणाऱ्या माणसाला मतदानाबाहेर ठेवण्याचं ती साधन झाली. वर डोईपट्टी (मत द्यायचं तर भरावा लागणारा कर) आणि साक्षरता चाचण्या. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०४ मध्ये १,३४२ उरले. त्याच १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे घटनेत बसतात असा निकाल दिला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन पुस्तकात 'प्रोग्रेसिव्ह' म्हणून येतात. त्यांच्याच काळात, १९१३ पासून, वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्या कारकुनांची टेबलं वेगळी झाली.

झुंडींच्या हत्यांची नोंद ठेवण्याचं काम आयडा बी. वेल्स या पत्रकार बाईने केलं. गावोगावच्या बातम्या पडताळून तिने दाखवलं की बलात्काराचा आरोप बहुतेकदा खोटा होता. मेम्फिसमधलं तिचं छापखान्याचं कार्यालय जमावाने उद्ध्वस्त केलं. १९१३ मध्ये मताधिकाराच्या मोर्चात तिला मागे चालायला सांगितलं, तेव्हा ती गर्दीतून येऊन इलिनॉयच्या तुकडीत मधोमध चालू लागली.

चिनी मजुरांवर १८८२ मध्ये बंदी आली, आणि तिला कामगार संघटनांचा पाठिंबा होता. मूळ रहिवाशांच्या जमिनी वैयक्तिक तुकड्यांत वाटणारा १८८७ चा डॉज कायदा 'त्यांचे मित्र' म्हणवणाऱ्या सुधारकांनीच आणला. १९३४ पर्यंत त्यांची १३.८ कोटी एकर जमीन ४.८ कोटींवर आली.

मराठी माणसांचा या काळाशी काही संबंध?

आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या आणि दोन वर्षांहून जास्त तिथे राहिल्या. हेमार्केटचा बॉम्ब, खटला आणि फाशी हे सगळं त्यांच्या मुक्कामातलं. फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. स्त्रियांच्या संघटनांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं, पण वर्णद्वेषावर बोट ठेवायलाही त्या विसरल्या नाहीत.

बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले, म्हणजे ट्रँगलच्या आगीला जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती आणि आयकराची दुरुस्ती काही महिन्यांपूर्वीची होती. कोलंबियात त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन, हे चढत्या आयकराचे जाणकार पुरस्कर्ते. दुसरे जॉन ड्यूई, ज्यांचा हल हाऊसशी शिकागोतला जुना संबंध. १९४६ मध्ये भारतातल्या कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी दुरुस्ती झाली तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं.

आणि मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे रविवारच्या सुट्टीसाठी लढत होते, तेही हेमार्केटच्याच दशकात. ती १८९० मध्ये मिळाली.

लोकांना जास्त अधिकार मिळाले, मग मतदान वाढलं का?

घटलं. १८९६ मध्ये पात्र मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी मत दिलं होतं, १९२० मध्ये निम्म्यांच्या आसपास. दक्षिणेतली दडपशाही हे एक कारण, नव्याने मत मिळालेल्या स्त्रियांची सवय नसणं हे दुसरं. बॉस गेला, तसा दारावर येऊन हाताला धरून नेणारा माणूसही गेला, हे तिसरं. याचं उत्तर पेपरात लिहू नका, गुण मिळणार नाहीत.

मग हे सगळं संपलं कधी?

पुस्तकात १९२०. पोलादातली बारा तासांची पाळी मोडायला १९२३ लागलं. फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये मजूरमंत्री झाली, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. १९३८ मध्ये तिच्या कारकिर्दीत तासाला २५ सेंट किमान मजुरी, तासांची मर्यादा आणि कारखान्यांतल्या बालमजुरीला बंदी हे सगळं एका कायद्यात आलं, आणि या वेळी सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये तो उचलून धरला. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया त्या कायद्याच्या बाहेर ठेवल्या होत्या. दक्षिणेत ही दोन्ही कामं मुख्यतः कृष्णवर्णीय माणसं करत.